बैल म्हणे

उकंडरावांचा आवाज गेला तो माघात, खामगावच्या पुढच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर बोलणंही काढलं. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर अन्नपूर्णाबाईंनी धुवट मलमलीचा पांढरा पट्टा बांधायला सुरुवात केली, आणि घरात एक पाटी आली. उकंडराव पाटीवर लिहायचे, समोरच्यानं वाचायचं. बरं झालं, छप्पन्नाव्या वर्षी शाळेतल्या साक्षरतेच्या वर्गात बसून ते अक्षरं शिकले होते. नाहीतर सत्तरीनंतर माणूस खुणा करकरून थकला असता.

जेवण, चहा, औषध, सारं पाटीवर भागायचं. भागायची नाही ती एकच गोष्ट. पोळ्याची झडती.

चाळीस वर्षं गावच्या पोळ्यात पहिली झडती उकंडरावांची. तोरणाखाली बैलांच्या जोड्या रांगेनं उभ्या राहिल्या, की रामरावांच्या मानाच्या जोडीशेजारून उकंडराव दोन पावलं पुढे येत, डावा हात कानावर ठेवत आणि झडती म्हणत. चार-पाच ओळींचं यमक, त्यात गावातल्या कोणाची तरी टोपी उडवलेली. शेवटच्या ओळीआधी ते थांबत. किती थांबायचं हे त्यांनाच ठाऊक. माणसं श्वास रोखून उभी राहत, एखादा बैल घंटा वाजवी, आणि मग शेवटची ओळ पडायची. गाव हसायचं, 'हर हर महादेव' व्हायचं, आणि पलीकडच्या जोडीजवळून निवृत्ती उलटी झडती फेकायचा. निवृत्ती त्यांच्याच वयाचा. त्याच्या झडतीत निम्म्या वेळा उकंडरावच असत. दोघांचं भांडण नव्हतं, पण पोळ्याच्या दिवशी मैत्रीही नव्हती.

श्रावण अर्धा झाला तेव्हा रामराव घरी आले. उकंडराव त्यांच्याकडे तीस वर्षं सालदार होते. मानाची जोडी रामरावांची, पण तिला न्हाऊ घातलं, रंगवलं, मिरवलं ते उकंडरावांनी. रामराव ओसरीवर बसले, चहा प्यायले, आणि जरा घुटमळत म्हणाले,

"उकंडभाऊ, यंदा पोळ्यात तुमचा सत्कार करतो म्हणतो. तोरणापाशी खुर्ची टाकू. शाल, नारळ, टोपी. साऱ्या गावासमोर."

उकंडरावांनी पाटी घेतली. लिहिलं: "अन् झडती?"

रामराव पाटी वाचून जमिनीकडे पाहू लागले. "पहिली झडती निवृत्ती म्हणन. आता काय करता, इलाज नाही. तुम्ही फक्त बसा. तरास नका घेऊ."

उकंडरावांनी पाटी पुसली. रामराव गेल्यावर अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मान देऊन राह्यले ते. वाईट काय हाय त्यात?"

उकंडरावांनी लिहिलं: "ज्या बैलाले कामावरून काढते, त्याले बी गळ्यात हार घालून बाजारात नेते."

"तुमचं काही सांगता येत नाही," असं म्हणून त्या आत गेल्या. पण दोन दिवस त्यांनाही जेवण गोड लागलं नाही. नवरा पोळ्याला जाणारच नाही असं लिहून बसला होता, आणि पाटीवरचं ते वाक्य पुसत नव्हता.

घरात सून होती, अर्पिता. माहेर मलकापूरचं. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीचे सर्व्हर ती घरी बसून सांभाळायची. म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि त्यावर काळी खिडकी. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती पांढरी अक्षरं. आज्ञा लिहायची, एंटर मारायचा, मशीन उत्तर देणार. उकंडरावांना ते बरं वाटे. सूनही आपल्यासारखीच लिहून बोलते, असं त्यांना वाटायचं.

त्या काळ्या खिडकीत तिनं एक गंमत करून ठेवली होती. सकाळी काम सुरू केलं की पडद्यावर एक गाय यायची. अक्षरांची आणि चिन्हांची गाय. डोक्यावर दोन टोकांची शिंगं, डोळ्यांच्या जागी दोन शून्यं, आडव्या रेघांची पाठ, उभ्या रेघांचे पाय. तोंडापासून वर एक चौकट निघायची आणि चौकटीत गाय जे म्हणते ते लिहिलेलं असायचं. "आज सोमवार, हळू चाला." असलं काहीतरी. ही आज्ञा जगभरातली कॉम्प्युटरवाली माणसं वर्षानुवर्षं गमतीनं वापरतात, असं अर्पिता सांगे. आपण जे लिहू ते गाय बोलते, एवढंच गाईचं काम.

तिसऱ्या दिवशी उकंडराव उठून टेबलापाशी गेले आणि गाईकडे बराच वेळ पाहत राहिले. मग पाटी पुढे केली: "ही काहीही म्हणते?"

"हाव, मामाजी. तुम्ही लिहा, मी टाकते."

त्यांनी लिहिलं. अर्पितानं टंकलं, एंटर मारला. गाय म्हणाली: "अन्नपूर्णा, चहा आण."

अर्पितानं सासूला हाक मारली. अन्नपूर्णाबाई पदराला हात पुसत आल्या आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहू लागल्या.

"काय लिहिलं?"

"गाय चहा मागते, आत्याबाई."

"पाजते हो, पाजते," त्या म्हणाल्या. "आजवर एकच जण हुकूम सोडत होता, आता गोठाच बोलाले लागला." पण आत जाताना त्या हसत होत्या. उकंडरावांनी पाहिलं. त्यांच्या बोलण्यावर त्या आवाज गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या होत्या.

चहा झाल्यावर उकंडरावांनी पाटीवर लिहिलं: "हिले झडती म्हणता येते?"

अर्पितानं पाटी दोनदा वाचली. तिनं रामरावांचं बोलणं आतून ऐकलं होतं. "येते," ती म्हणाली. "पण तोरणापाशी लॅपटॉप नेऊन कोणाले दिसन काय? उन्हात पडदा काळा पडतो."

त्यांनी हातानं 'नंतर पाहू' अशी खूण केली आणि खडूनं पडद्यावरचं गाईचं पोट दाखवलं. तिथं मागच्या पायांपाशी एक इंग्रजी डब्ल्यू होता. लिहिलं: "हे काय?"

"ते... कास असंन."

"मंग हे गाय झाली. पोळ्यात गाय उभी करते का कोणी?"

अर्पिताला हसू आलं. आठ वर्षं ती गाय पाहत होती, तो डब्ल्यू कास आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं गाईची फाईल उघडली. आत साधा मजकूर होता, चिन्हांच्या चार-पाच ओळी. तिनं डब्ल्यू पुसला, तिथं रेघ टाकली. "झाला बैल."

उकंडरावांनी मान हलवली. नाही. खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

पुढचे चार दिवस दुपारी अर्पिताचं काम आटोपलं की दोघं बैल करत बसत. वशिंड नव्हतं, ते दोन कंसांनी उभं केलं. ते पाठीच्या मध्यावर आलं, तेव्हा उकंडरावांनी लिहिलं, "हा उंट झाला," आणि तीन घरं पुढे सरकवायला लावलं. शिंगं लहान होती, ती तिरप्या रेघांनी लांब झाली आणि टोकाला एकेक टिंब आलं, ते गोंडे. पाठीवर झूल आली, तुरुंगाच्या जाळीसारख्या चिन्हाची. अर्पिता एक-एक चिन्ह टाकायची, ते मान हलवायचे किंवा बोट आडवं करायचे. ज्या माणसानं तीस वर्षं बैल धुतले, त्याला बैलाची पाठ कुठं खचते आणि कुठं उठते हे बोटानं सांगता येत होतं.

बैल झाला तेव्हा त्यांनी लिहिलं: "दुसरा?"

"दुसरा कायले? हाच बोलणार ना?"

"एकट्या बैलाले तोरणाखाली उभं करत नाही. जोडी पाहिजे."

मग अर्पितानं जोडी केली, दोन बैल एकापुढे एक, थोडे सरकलेले. तिला ते सुटे-सुटे वाटले, म्हणून तिनं हौसेनं दोघांच्या मानेवरून बरोबरच्या चिन्हांची एक लांब आडवी पट्टी ओढली. छान जू दिसत होतं. ती मागं सरकून पाहू लागली, आणि सासऱ्यांचा चेहरा पाहून थांबली.

उकंडरावांनी तिचा हात बाजूला केला. स्वतः एका बोटानं खोडायची कळ शोधली, आणि एक एक करून ती चिन्हं पुसत गेले. बावीस होती. सगळी गेल्यावर त्यांनी पाटी घेतली.

"वर्षाचा एक दिवस त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. आदल्या दिवशी मानेले लोणी लावते. ज्यानं पोळ्याच्या दिवशी जू ठेवलं, त्याच्या घरचं पाणी बी कोणी पीत नाही."

"मले ठाऊक नव्हतं, मामाजी," अर्पिता हळूच म्हणाली. मलकापुरात तिचं घर बाजारपेठेतलं, सरकीच्या दुकानावरचं. बैल तिनं गाडीला जुंपलेलेच पाहिले होते.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि लिहिलं: "आता बोलव त्याले."

पण बोलण्याच्या चौकटीची उजवी भिंत सरळ येईना. इंग्रजी लिहिलं की ती ओळंब्यात उभी राही. मराठी लिहिलं की पावसात भिजलेल्या कुंपणासारखी आत-बाहेर होई. अर्पितानं सांगितलं, "मशीन काना, मात्रा, वेलांटी, सारं वेगवेगळं मोजते. त्याले वाटते प्रत्येकाले एक-एक घर लागते."

उकंडरावांनी लिहिलं: "वर्गात पहिल्या महिन्यात मी बी असंच मोजत होतो. शिकन."

मशीन काही शिकलं नाही. मग अर्पितानं चौकट काढूनच टाकली आणि निराळी वाट धरली. तिला अशा आज्ञा ठाऊक होत्या, ज्या लहान अक्षरांनी मोठं अक्षर बांधतात. इंग्रजीसाठी त्या तयारच मिळतात. मराठीसाठी तिनं स्वतः चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर अर्धी वीत उंचीचा 'प' उभा राहिला, जवळून पाहिलं तर तो शेकडो बारीक फुल्यांचा.

"फुल्याच्या जागी कोणतंबी अक्षर चालते," ती म्हणाली. "फक्त काना-मात्रा नको, बिनकान्याचं पाहिजे. म्हणजे भिंत वाकडी होत नाही."

उकंडराव विचारात पडले. मग पाटी भरून नावं लिहिली, पुसली, पुन्हा भरली. हऱ्या, सर्जा, ढवळ्या, मोत्या, पाखऱ्या, लाल्या. गावच्या तोरणाखाली उभे राहिलेले, त्यांना आठवणारे सारे बैल. प्रत्येकाचं पहिलं अक्षर, काना-मात्रा काढून: ह, स, ढ, म, प, ल. मोठी अक्षरं ह्या बारीक अक्षरांनी बांधायची, असं ठरलं.

आता प्रश्न होता, हे तोरणापाशी न्यायचं कसं. तो प्रेमनं सोडवला. प्रेम म्हणजे उकंडरावांचा मुलगा, अर्पिताचा नवरा. तो खामगावात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर होता. काट्याच्या खोलीत जुन्या तऱ्हेचा करकरणारा प्रिंटर होता, घड्यांचा सलग कागद खाणारा. कपाशीच्या गाड्यांच्या पावत्या त्यावर निघत. श्रावणात गाड्या नसतात. मशीनवर फडकं पडलेलं असतं.

"बाबा, त्याचा कागद तुटत नाही," प्रेम म्हणाला. "लांबच लांब येते. आडवी अक्षरं काढली तर गल्लीभर होईन."

उकंडराव हे ऐकून सरळ बसले. त्यांनी हातात नसलेला एक गठ्ठा धरला, आणि हवेतून एक-एक घडी सोडू लागले. सोडली, थांबले. सोडली, थांबले. अर्पिता आणि प्रेम पाहत होते. दोघांनाही कळलं.

मालकाला विचारून एका रविवारी प्रेमनं काम केलं. अर्पिता लॅपटॉप घेऊन गेली. आधी जोडी निघाली, मग तिच्यामागून शब्द, एका पानावर दोन अक्षरं. दुपारभर मशीन करकरत होतं. फीत जुनी होती, त्यामुळं पहिले शब्द काळेभोर आणि शेवटचे फिके धुक्यासारखे. शेवटचे दोन शब्द तर डोळे ताणून वाचावे लागत होते, आणि झडतीचा सारा जीव त्यातच होता. दुसरी फीत खामगावात कुठं मिळाली नाही.

घरी आणल्यावर उकंडरावांनी ती पानं अंगणात पसरली, शिंगं रंगवायचा लाल रंग काढला, आणि बोटाएवढ्या कुंचल्यानं ते शेवटचे दोन शब्द अक्षर-अक्षर करून गिरवले. अन्नपूर्णाबाई शेजारी बसून पानावर खडे ठेवत होत्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"हे बारीक बारीक काय हाय हो?" त्यांनी निवृत्तीच्या नावाच्या पानावर बोट ठेवून विचारलं. वर्गात त्याही आठ दिवस गेल्या होत्या. 'ब' त्यांना ओळखता येई. "हे सारे ब काऊन?"

उकंडरावांनी मातीत काडीनं लिहिलं: "बंड्या."

बंड्या म्हणजे निवृत्तीचा बैल. सात वर्षांपूर्वी विहिरीच्या उतरत्या धावेवर पाय घसरून पडला आणि गेला. निवृत्ती महिनाभर कोणाशी बोलला नव्हता. अन्नपूर्णाबाईंनी त्या पानावरचा खडा जरा नीट ठेवला.

"अन् त्याचीच टोपी उडवता," त्या म्हणाल्या.

उकंडरावांनी खांदे उडवले. झडती ती झडती.

पोळ्याच्या दिवशी ऊन मऊ होतं. दुपार कलल्यावर जोड्या येऊ लागल्या. पूर्वी चाळीस यायच्या, यंदा अकरा. वेशीपाशी दोन बल्ल्यांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. तोरणाच्या उजव्या अंगाला लाल गादीची खुर्ची होती आणि खुर्चीच्या पाठीवर शालीची घडी. रामराव वाट पाहत होते.

उकंडराव आले ते अर्पिता, प्रेम आणि अन्नपूर्णाबाईंसोबत. काखेत कागदाचा जाडजूड गठ्ठा. रामरावांनी हात जोडून खुर्ची दाखवली. उकंडरावांनीही हात जोडले, शाल उचलून प्रेमच्या हाती दिली, गठ्ठा खुर्चीवर ठेवला, आणि स्वतः खुर्चीमागे उभे राहिले.

"हे काय हाय?" रामरावांनी विचारलं.

"झडती हाय," अर्पिता म्हणाली.

पलीकडून निवृत्ती ओरडला, "काऊन बे उकंड्या, कोर्टाचे कागद आणले का?" त्याच्या आसपासचे हसले. हसणं जरा अवघडलेलं होतं. मुक्या माणसाची चेष्टा करावी की नाही, हे कोणाला ठरवता येत नव्हतं. निवृत्तीलाही नाही.

अर्पितानं पदर खोचला, कागदाचं टोक धरलं आणि तोरणाच्या लांबीनं डाव्या हाताला चालू लागली. गठ्ठ्यातून आधी जोडी निघाली. वशिंड, झूल, गोंडे, मोकळ्या माना.

"अबे, बैल हाय," एक पोरगी म्हणाली.

"जोडी हाय," दुसऱ्या कोणीतरी दुरुस्त केलं.

जोडी पुढं निघाली आणि तिच्यामागं शब्द आले. उकंडराव एक-एक घडी सोडत होते.

'पान रे पान,' आधी शाळेतल्या पोरांनी वाचलं, मोठ्यानं, वर्गात वाचतात तसं. 'पळसाचं पान.' आता मोठी माणसंही त्यात मिसळली. ज्या बाया उकंडरावांबरोबर साक्षरतेच्या वर्गात होत्या त्या एका शब्दानं मागं होत्या, पण सोडत नव्हत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेजारच्याचं ऐकून म्हणत. त्यामुळं प्रत्येक शब्द तीनदा ऐकू येई, पुढून, मधून आणि मागून.

'डागदरनं घेतलं आवाजाचं दान.'

इथं कोणी हसलं नाही. रामरावांनी नजर खाली केली. उकंडराव घाईत नव्हते. पुढच्या घडीवर अंगठा दाबून ते माणसांचे चेहरे पाहत होते, जसे पूर्वी कानावर हात ठेवून पाहायचे. मग अंगठा सुटला.

'गाव म्हणे बुढ्या, खुर्चीत बस छान.'

आता हसले. आधी एकदोघं, मग सारे, कारण खुर्ची समोरच होती आणि तिच्यावर कागद बसला होता. रामरावही हसले, कान लाल करून. तेवढ्यात वारा आला, कागदानं पोट काढलं, आणि 'बस' आणि 'छान' यांच्यामधली बारीक छिद्रांची घडी फाटली. अर्पिताच्या हातातला अर्धा कागद जमिनीला टेकायच्या आत रामराव दोन ढांगांत पुढे गेले. त्यांनी दोन्ही टोकं दोन हातांत धरून जुळवली आणि कागदाबरोबर सरकायला तयार राहिले.

"चालू द्या," ते म्हणाले. "मी धरून हाय."

'निवृत्तीनं टवकारले दोन्ही कान.'

सगळ्या माना निवृत्तीकडे वळल्या. निवृत्तीनं खरंच कान टवकारले होते. त्याला वाचता येत नव्हतं, आणि आपलं नाव साऱ्या गावाच्या तोंडून आलेलं त्यानं ऐकलं होतं. आणि इथं उकंडराव थांबले.

किती थांबले हे कोणी मोजलं नाही. कागद हलत नव्हता. अर्पिता ओढत नव्हती. तिला तसं सांगितलेलंच होतं, माझ्या अंगठ्याकडे पाहायचं. एक बैल घंटा वाजवून गप्प झाला. एका पोरीनं "पुढं काय?" विचारलं आणि तिच्या आईनं तिला गप्प केलं. अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटले होते. त्या हा थांबा चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या, आणि तो जसा होता तसाच होता.

घडी सुटली.

'बैल म्हणे, बुढ्याचाच', आणि मागून शिंगांच्या लाल रंगातले दोन शब्द, 'पहिला मान.'

वाचायला कोणी उरलं नाही, सगळे ओरडलेच. कोणीतरी "हर बोला" म्हणालं आणि "हर हर महादेव" उठलं, इतकं की रामरावांची जोडी बिचकली आणि रामरावांना कागद सोडून कासरा धरावा लागला. पोरं अक्षरांच्या बाजूनं पळत सुटली. उकंडराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. गळ्यावरचा पट्टा श्वासानं वर-खाली होत होता.

पण झडती एकट्याची नसते. गलका ओसरल्यावर माणसं निवृत्तीकडे पाहू लागली. निवृत्ती डोकं खाजवत होता. क्षणभर त्यानं उकंडरावांकडे पाहिलं, त्या पट्ट्याकडे पाहिलं. सोडून दिलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. उलट, शहाणा म्हटलं असतं. उकंडराव त्याच्याकडे पाहत होते. त्यानं आता येऊन खांद्यावर हात ठेवला आणि 'लय चांगलं केलं' म्हटलं, की झालं. मग ती शालच.

निवृत्तीनं डावा हात कानावर ठेवला.

"पोळा रे पोळा, गावाचा पोळा,
उकंड्याच्या बैलावर साऱ्याचा डोळा.
खाये ना चारा, टाके ना गोळा,
वहिनी, अंगण सारवा आता घेऊन कागदाचा बोळा."

पहिल्यांदा बायका हसल्या. मग अन्नपूर्णाबाईच पदर तोंडाशी धरून हसल्या आणि मग सगळ्या पोळ्याला मोकळीक मिळाली. "हर हर महादेव" पुन्हा झालं. उकंडरावांचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, पण जे जवळ होते त्यांना दिसलं, ते पोट धरून हसत होते.

"उत्तर द्या, उकंडराव," मागून कोणीतरी म्हणालं. "द्या उत्तर."

उकंडरावांनी दोन्ही हात मोकळे करून दाखवले. खुर्चीवर कागद उरला नव्हता.

"हारले," निवृत्ती म्हणाला. त्याला स्वतःचा विश्वास बसत नव्हता. "अबे, हारला ना तू."

उकंडरावांनी मान डोलावली. हरलो.

गावची रीत अशी, की जो झडतीत निरुत्तर होतो त्याच्या दारी जिंकणाऱ्याची जोडी आधी जेवते. तोरण तुटलं, पोळा फुटला, जोड्या घरोघर निघाल्या, आणि निवृत्तीची जोडी आपल्या घराकडे न वळता उकंडरावांच्या गल्लीत शिरली. निवृत्ती पुढं, कासरा सैल सोडून, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "उकंड्याच्या घरी चाललो, जेवाले. हारला ना तो."

प्रेमनं कागद गुंडाळून आणला होता. अर्पितानं दारात पाट मांडला. अन्नपूर्णाबाईंनी बैलांच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि पुरणपोळ्यांचं ताट नवऱ्याच्या हाती देत म्हणाल्या, "पुढच्या बारीले दोन तरी झडत्या आणत जा. एका झडतीवर कोण जाते पोळ्यात?"

"मामाजी, प्रिंटर लय सावकाश चालते," अर्पिता म्हणाली. "जागच्या जागी उत्तर द्याचं तर निराळं काहीतरी करा लागन."

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं, बोटानं 'नंतर' अशी खूण केली, आणि उकिडवे बसून पोळी बैलाच्या तोंडाशी धरली. बैलानं जिभेनं ती ओढून घेतली आणि त्यांचा हात मनगटापर्यंत ओला केला.

"दुसरी दे बे," निवृत्ती उंबऱ्याला टेकून म्हणाला. "जिंकलेला बैल हाय. एकीनं काय होते त्याचं?"

उकंडरावांनी दुसरी पोळी उचलली.